गाडी एका बाजूला ओढते, हँडल थरथरतं: अलाइनमेंटला पळण्याआधी काय तपासायचं

"मिस्त्री, स्टिअरिंग बघा की जरा" असं म्हणत ज्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग ठणठणीत असतं. दोष निघतो हवेत, टायरमध्ये, ब्रेकमध्ये, नाहीतर भरलेल्या मालात. कराडला पुणे-बंगळूर हायवेच्या कडेला काम करताना कार, स्कूटर, रिक्षा, उसाचा ट्रॅक्टर अशी सगळीच वाहनं हीच तक्रार घेऊन समोर येतात, आणि निम्म्याहून जास्त जणांनी येण्याआधीच कुठेतरी अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर जुळवून घेण्याचे, पैसे भरलेले असतात. गाडी मात्र ओढायची ती ओढतेच. म्हणून तपासण्याचा क्रम इथे लिहितोय. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, मग हात काळे करायचं काम, आणि शेवटी जिथे तुम्ही स्वतः हात लावायचा नाही ते.

आधी लक्षणं नीट ओळखा

"गाडी ओढते" एवढ्यावरून काही कळत नाही. कधी ओढते, हे महत्त्वाचं. पुढच्यापैकी तुमचं कुठलं आहे ते ठरवा.

सरळ रस्त्यावर, ब्रेक न दाबताही सतत एका बाजूला जाते. यात हवा, टायर, अडकलेला ब्रेक किंवा चाकाचा कोन, यांपैकी काहीतरी असतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते. बहुधा ब्रेकच, नाहीतर लोअर आर्मचं (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं) बुश.

ठरावीक वेगालाच, साधारण ८० ते १०० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे-मागे वेग बदलला की थांबतं. चाकाचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं असणं) बिघडलेलं किंवा वाकडी रिम.

गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंग तिरकं राहतं. ही खरी अलाइनमेंटची तक्रार.

स्टिअरिंग अचानक जड झालं, किंवा फिरवताना मध्येच अडकून पुन्हा सैल होतं. हे गंभीर आहे, खाली वेगळं लिहिलंय.

दुचाकीचं हँडल सरळ रेषेत आपोआप "बसतं", वळताना खाच लागल्यासारखं वाटतं, किंवा पुढचा ब्रेक मारला की टक् आवाज येतो. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते मानेतलं बेअरिंग.

ट्रॅक्टरचं स्टिअरिंग बरंच फिरवलं तरी चाक वळत नाही, किंवा चढाला पुढची चाकं हलकी होतात. पहिल्यात बॉल जॉइंट (स्टिअरिंगच्या रॉडच्या टोकाचा गोल सांधा) आणि किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), दुसऱ्यात ट्रॉलीचा भार.

रस्त्याला दोष आहे का?

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हात सैल सोडल्यावर सावकाश डावीकडे सरकते. हा दोष नव्हे. मोकळ्या, सपाट पटांगणात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये हळू वेगात चालवून बघा. तिथे सरळ जात असेल तर गाडीला काही झालेलं नाही, पैसे वाचले. पकड सैल करा, पण हात स्टिअरिंगवरच ठेवा. हायवेवर दोन्ही हात सोडून "टेस्ट" घेणारे दिसतात, ते कृपा करून करू नका.

हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. एका पुढच्या चाकात ३३ आणि दुसऱ्यात २५ असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढणारच, कारण ते चाक जास्त चेपतं आणि त्याला फिरायला जास्त जोर लागतो.

हवा टायर थंड असताना बघायची. गाडी चालवून आल्यावर टायर तापतो आणि दाब तीन-चार पीएसआयनं वाढलेला दिसतो. लोक पंपावर गरम टायरमध्ये "बरोबर ३२" करून घेतात आणि सकाळी तो २८ वर असतो. तुमच्या गाडीला किती हवा, ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. अनेक ११० सीसी स्कूटरना पुढे २२ आणि एकटं बसताना मागे २९ लागते. पंपावरचा पोरगा सवयीनं दोन्हीकडे ३५ मारतो, आणि मग पुढचं चाक खड्ड्यावरून उडायला लागतं. आकडा तुम्ही सांगा.

दर महिन्याला एकाच चाकाची हवा उतरत असेल तर वॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की जागा सापडली.

टायर हातानं वाचा

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढचा टायर बाहेर येतो. आता तळवा टायरवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर चाकाचा टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडलेला आहे. डोळ्याला हे दिसत नाही, हाताला लगेच लागतं. आधी सुटलेली तार वगैरे नाही ना, ते बघून मगच हात फिरवा. जुन्या टायरमधून तार बाहेर आलेली असली की हात चिरतो.

दोन्ही कडा झिजलेल्या असतील तर हवा कायम कमी राहिली. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त राहिली. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर कोन चुकलेला. मध्येमध्ये खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर गेलेला, किंवा चाक बॅलन्स नाही. टायरला बाजूनं फुगा आलेला दिसला तर पुढचं काहीच तपासू नका, स्टेपनी लावा. आतले धागे तुटलेत आणि तो टायर कधीही फुटेल.

कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो बाद. खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला असं समजा. वयही बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना टायर असला तरी गाडी ओढते, म्हणून पुढचे दोन नेहमी जोडीनं बदलावेत.

हवा बरोबर, झीजही बरी, तरी ओढते? मग पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. ओढण्याची दिशा उलटली किंवा ओढणं थांबलं, तर दोष टायरच्या आतल्या बांधणीत आहे. जगातलं कुठलंही अलाइनमेंट यंत्र तो काढू शकत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.

ब्रेक अडकलाय का?

घाट उतरून आलेल्या गाड्यांत हे फार सापडतं. कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाऊन आलेला माणूस सांगतो, "जाताना बरी होती, परतताना डावीकडे ओढायला लागली."

सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्यतो न दाबता, आणि गाडी सावकाश थांबू द्या. खाली उतरून प्रत्येक रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला बोट लावायचं नाही, भाजेल. एक रिम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम, जळका वास, त्याच चाकावर काळी भुकटी जास्त, अशा खुणा असतील तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टन गंजलेला असतो, किंवा ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजलेला असतो. तेल जातं, पण परत येत नाही.

इथे एक गोष्ट उलटी आहे आणि भलेभले तिथे चुकतात. ब्रेक न दाबता गाडी डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक अडकलेला असतो. पण फक्त ब्रेक दाबल्यावरच डावीकडे ओढत असेल तर अनेकदा उजवा ब्रेक काम करत नसतो. डावा एकटाच धरतो, म्हणून गाडी तिकडे वळते. लोक डाव्या बाजूचे ब्रेक पॅड बदलून घेतात आणि दोष उजवीकडे तसाच राहतो.

ब्रेकचं काम मात्र घरी उघडू नका. इथपर्यंत शोधायचं, आणि कुठलं चाक तापतं ते फिटरला सांगायचं.

दुचाकी

आधी सामान बघा. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, स्कूटरच्या पुढे पाय ठेवायच्या जागी सिलिंडर, मागे दुधाच्या किटल्या, आणि तक्रार काय, तर हँडल हलतं. मागे भार जास्त झाला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. किटल्या लावणाऱ्यांनी वजन शक्य तेवढं खाली आणि मागच्या चाकाच्या एक्सलच्या जवळ ठेवावं, दोन्ही बाजूंना सारखं. अर्धी भरलेली किटली एका बाजूला आणि रिकामी दुसऱ्या बाजूला, हे सगळ्यात वाईट. आतलं दूध हिंदकळतं तसं हँडल ओढलं जातं.

मग चेन. मोटरसायकलचं मागचं चाक घट्ट करताना स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असायला हव्यात. एक बाजू एक घर पुढे राहिली तर मागचं चाक तिरकं बसतं आणि गाडी कायम एका अंगानं चालते. पंक्चर काढून आणल्यानंतर गाडी बदलली असं वाटलं, तर पहिल्यांदा इथेच बघा. याला एक रुपयाही लागत नाही.

त्यानंतर कोनसेट. गाडी मेनस्टँडवर लावा, दुसऱ्या कुणाला तरी मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचलेल. आता शॉकअपचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. कट्कट् लागली तर कोनसेट सैल आहे. मग हँडल अगदी हळू, एका बोटानं, डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर चाक खाचेत पडल्यासारखं थांबलं तर बेअरिंगच्या बॉलनी त्यांच्या रेसमध्ये (बॉल फिरतात त्या कडीत) खळगे पाडलेले आहेत. सैल असेल तर आवळून चालतं. खाच पडली असेल तर आवळून उपयोग नाही, वरखाली पूर्ण सेट बदलायचा. पुष्कळ ठिकाणी खाच पडलेला सेटच आणखी घट्ट आवळून देतात. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं, पण हँडल जड झाल्यामुळे गाडी हळू वेगात तोल सांभाळत नाही आणि सापासारखी चालते. हे सैल कोनसेटपेक्षा धोक्याचं आहे. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा हँडलच्या मानेवर मारू देऊ नका, ग्रीस तिथूनच निघून जातं.

चालवताना हँडल एकदम थरथरायला लागलंच तर पुढचा ब्रेक करकचून मारू नका. पकड घट्ट न आवळता हात स्थिर ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि रेस सावकाश सोडा. वेग उतरला की थांबतं.

रिक्षाला पुढे एकच चाक, त्यामुळे वरचं हवेचं आणि कोनसेटचं सगळं तिला लागू. फरक एवढाच की हँडल गडबडलेल्या रिक्षानं झटकन वळण घेतलं तर ती घसरत नाही, कलंडते. पोरं भरून शाळेला जाणारी रिक्षा असेल तर कोनसेटसाठी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणू नका.

ट्रॅक्टर-ट्रॉली

गळीत हंगामात या तक्रारी रांगेनं येतात, आणि यातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी फुकटातली आहे: ब्रेकच्या दोन पेडलांची जोडपट्टी लावली आहे का?

शेतात वळताना डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा मारता यावा म्हणून ट्रॅक्टरला दोन पेडल असतात. रस्त्यावर येताना ती पट्टीनं एकत्र जोडायची असतात. पट्टी लावायची राहिली आणि वेगात एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी गरकन वळतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलून उलटवते. माझी कळकळीची विनंती आहे, शेताच्या बांधावरून डांबरी रस्त्यावर चाक टेकायच्या आत पट्टी लावा. पट्टी तुटली असेल तर ती बसवल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका.

पट्टी आहे तरी ब्रेक मारल्यावर ओढतो? ट्रॉली सोडा, कच्च्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारा आणि उतरून मागच्या दोन्ही चाकांच्या घसरल्याच्या खुणा बघा. एक लांब आणि एक आखूड असेल तर दोन्ही ब्रेकांचं सेटिंग सारखं नाही.

मग भार. दोनचाकी ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूला जास्त भरला की सगळं वजन हूकवर येतं, ट्रॅक्टरचं मागचं अंग दबतं आणि चढाला पुढची चाकं उचलतात. जमिनीला न टेकलेलं चाक कितीही वळवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. भार ट्रॉलीच्या एक्सलवर यायला हवा, हूकवर थोडाच. पुढे वजनं लावायची सोय असेल तर ती लावा. ट्रॉली ठरलेल्या हूकलाच जोडा, त्याहून वर कुठेही अडकवलेली साखळी ट्रॅक्टर मागे पालथा करू शकते. उताराला गिअर आधीच खालचा टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की ट्रॉली मालक होते.

स्टिअरिंगला ढिलाई असेल तर आधी सगळ्या निपलांना ग्रीस मारा. मग एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं, इंजिन बंद आणि हँडब्रेक लावलेला असताना, रॉडच्या टोकांचे बॉल जॉइंट बघायचे. रॉड हलतो पण पुढचा आर्म हलत नाही, तोच जॉइंट गेलेला. जॉइंट बदलणं परवडतं. पुढच्या एक्सलची मधली पिन, किंग पिनचं बुश आणि स्टिअरिंग बॉक्स मात्र फिटरचं काम.

कार उचलून तपासायची असेल तर

गाडी कठीण, सपाट जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना ठोकळे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. विटांवर टेकवायची नाही, वीट एकदम फुटते. ही तपासणी बाहेर बसूनच होते.

उचललेलं चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून आत-बाहेर ढकला. ढिलं लागलं तर टाय रॉड एंड (चाकाला वळवणाऱ्या रॉडचं टोक) किंवा रॅक (त्या रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारा दांडा). मग १२ आणि ६ च्या जागी धरून ढकला. तिथे ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून १२-६ ची पुन्हा तपासणी करा. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. चाक हातानं फिरवून घरघर ऐकू येते का, तेही बघा.

यातलं काही ढिलं सापडलं तर पुढे काही करू नका. ढिल्या जॉइंटवर केलेली अलाइनमेंट दोन दिवसही टिकत नाही.

आता अलाइनमेंट

वरचं सगळं बरोबर असेल तरच जा. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकड्यांचा कागद मागून घ्या. त्यात टो, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) आणि कॅस्टर (चाक वळण्याचा अक्ष पुढे-मागे किती कललाय) असे तीन आकडे असतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो बदलता येतो. टो चुकला की टायर खातो आणि स्टिअरिंग तिरकं राहतं, गाडी एका बाजूला फारशी ओढत नाही. ओढायला लावतात ते कॅम्बर आणि कॅस्टर, तेही दोन बाजूंत फरक असेल तर. हे दोन आकडे लाल दिसत असतील तर काहीतरी वाकलेलं आहे: लोअर आर्म, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), किंवा खड्ड्यात बसलेला सस्पेन्शनचा माउंट. तिथे "अजून एकदा अलाइनमेंट करून बघू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, वाकलेला भाग दाखवायला सांगा.

इथे थांबा, गाडी चालवू नका

स्टिअरिंग फिरवताना मध्येच अडकत असेल. इंजिन चालू असताना स्टिअरिंग दोन बोटांहून जास्त फिरूनही चाक हलत नसेल. पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागून स्टिअरिंग जड झालं असेल. बॅटरी कमजोर असली तरी हा दिवा लागतो, म्हणून ती आधी तपासून घ्या, पण दिवा जाईपर्यंत गाडी चालवू नका. ब्रेक पेडल खाली बसत असेल. अपघातात चाकावर मार लागला असेल. दुचाकीचा फोर्क वाकला असेल किंवा मानेजवळ तडा दिसत असेल. यातलं काहीही असेल तर गाडी टोइंग करून आणा. फोर्क ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. एअरबॅग असलेलं स्टिअरिंग घरी उघडू नका.

आणि उताराला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय असेल तर ती आजच मोडा. इंजिन बंद झालं की स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकची मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. समोर वळण असतं.

गाडी फिटरकडे देताना एवढं सांगा: कधी ओढते, कुठल्या बाजूला, किती वेगाला, ब्रेकवर की ब्रेकशिवाय, कुठलं चाक तापतं, आणि अलीकडे काय बदललं. एवढ्यानं अर्ध्या तासाचा शोध वाचतो. चाकं काढून पुन्हा बसवली असतील तर नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर एकदा परत पाना लावून बघायचे.